बाबांचा सीईए आणि आईची पेज

डिचोली तालुक्यातून एका मुलीने विचारलं आहे: "चवथीच्या आधी आईबाबांची पॅकेजमधून रक्ततपासणी केली. बाबा ६१ वर्षांचे. विडी ओढतात, जळजळीसाठी सात-आठ वर्षं पॅन्टोप्राझोल घेतात. त्यांचा कॅन्सरचा मार्कर सीईए ६.८ आला, लॅबने मर्यादा ५ दिली आहे. आई ५६ वर्षांची. तिचे सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ तिन्ही नॉर्मल. तिला दोन-अडीच महिने घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, जरा बारीकही झाली आहे, हिमोग्लोबिन ९.४ म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तिचे मार्कर नॉर्मल आहेत, तर एंडोस्कोपी टाळली तर चालेल का? आणि बाबांना अन्ननलिकेचा किंवा जठराचा कॅन्सर आहे की नाही, हे कोणत्या प्रोटीनच्या टेस्टने पक्कं कळेल?"

आधी आईची एंडोस्कोपी करून घ्या. ह्याच आठवड्यात; शक्य असेल तर उद्याच नंबर लावा. बाबांच्या ६.८ला थोडी सवड आहे, आईच्या अडकणाऱ्या घासाला नाही. तुमच्या घरातली काळजी चुकीच्या माणसाभोवती गोळा झाली आहे, आणि त्याचं कारण मला दिसतं. बाबांच्या कागदावर एक आकडा ठळक छापून आला, आईच्या कागदावर काहीच ठळक नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं गोव्यात रक्ताच्या नळ्या आणि बायप्सीचे तुकडे असं दोन्ही काम करते आहे. त्यामुळे कॅन्सरची ही प्रथिनं मला दोन ठिकाणी भेटतात: एकदा रक्तात, एकदा तुकड्यात. नावं सारखीच वाटली तरी दोन्हीकडची कामं अगदी वेगळी आहेत. रक्तातलं प्रथिन अन्ननलिकेचा किंवा जठराचा कॅन्सर शोधायला फारच कच्चं साधन आहे. तुकड्यातलं प्रथिन मात्र आज उपचाराची दिशा ठरवतं. लोक पहिल्याकडून दुसऱ्याची अपेक्षा करतात आणि तिथे वेळ जातो.

आई हल्ली काय जेवते ते जरा आठवून बघा. आपल्याकडे अकराची पेज म्हणजे आजारपण नव्हे, ती सवय आहे. म्हणूनच गोव्याच्या घरांत गिळण्याची तक्रार उशिरा लक्षात येते. आधी भाकरी सुटते. मग चपाती हुमणात भिजवून खाल्ली जाते. मग शीत कुस्करून, आणि शेवटी दोन्ही वेळा पेज. प्रत्येक पायरीवर बाई काहीतरी सांगते: भूक नाही, दात दुखतात, पित्त झालंय. घरच्यांनाही ते पटतं, कारण पेज खाणाऱ्या माणसाकडे कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

माझ्या मोठ्या काकूचं असंच झालं. चवथीला सगळे गावच्या घरी जमलो होतो. काकूने स्वतः तळलेली नेवरी घेतली, तिचे चार तुकडे केले आणि ते चहात बुडवून मऊ होईपर्यंत धरून ठेवले. तुकडा तोंडात घालून तिने लगेच पाण्याचा घोट घेतला आणि डावा हात छातीच्या मधोमध दाबला. हे तिने तिन्ही तुकड्यांना केलं. चौथा तुकडा बशीतच राहिला. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, तळणीचं हल्ली सोसत नाही." दोन महिन्यांपूर्वी तिने पॅकेज केलं होतं. त्यात सीईए १.९ होता, आणि तो कागद तिने जपून कपाटात ठेवला होता. त्याच कागदाच्या भरवशावर ती डॉक्टरकडे गेली नव्हती. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली, स्क्वेमस प्रकारची, म्हणजे नळीच्या आतल्या चपट्या पेशींची. स्लाइड मी स्वतः पाहिली नाही, सहकाऱ्याला दिली. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर आधी आईबद्दल लिहिते आहे.

आईला कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. घास अडकण्याची साधी कारणंही असतात. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन नळी अरुंद होते. अकलेझियात खालची झडप सैल होत नाही. लोह फार कमी झालेल्या बायकांत अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा येतो आणि त्याला घास अडतो. तो दुर्बिणीतूनच ताणून मोकळा करता येतो. पण ह्यांतलं कोणतं कारण आहे हे आत बघितल्याशिवाय कळत नाही. गिळताना अडकणं, वजन उतरणं आणि पाळी बंद झालेल्या वयात हिमोग्लोबिन ९.४ ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की एंडोस्कोपी टाळण्याइतकं बळ कोणत्याही रक्ताच्या रिपोर्टमध्ये नसतं. खरं तर त्या पॅकेजमध्ये आईबद्दल काही सांगणारं एक प्रथिन होतं, आणि ते म्हणजे हिमोग्लोबिन. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत स्वस्त. त्याने खूण केली होती, पण गोळ्या सुरू झाल्या आणि रक्त कुठे जातंय हे कुणी विचारलं नाही. गोळ्या बंद करू नका. एवढं लक्षात ठेवा की त्यांनी शौचाला काळं होतं, म्हणून डॉक्टरांनी रंग विचारला तर गोळ्या कधी सुरू केल्या तेही सांगा.

आता मार्कर नॉर्मल कसे येतात ते सांगते, म्हणजे पुढे कुणी "रिपोर्ट तर चांगला आहे" म्हटलं तर तुम्ही डगमगणार नाही.

सीईए, म्हणजे कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन, हे प्रथिन फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधलं. गर्भाच्या आतड्यातही ते सापडलं, म्हणून नावात गर्भाचा उल्लेख आला. तेव्हा वाटलं की कॅन्सरची खूणच हाती लागली. पुढे कळलं की निरोगी माणसाच्या आतड्याच्या पेशीही ते थोडं थोडं बनवतात. फरक असा की निरोगी पेशीला दिशा असते. तिचं एक तोंड पोकळीकडे, दुसरं रक्तवाहिन्यांकडे. सीईए पोकळीच्या बाजूला सुटतं आणि शौचावाटे निघून जातं. कॅन्सरची पेशी ही दिशा विसरते, तिचं सीईए आजूबाजूच्या ऊतीत आणि तिथून रक्तात झिरपतं. पण त्यासाठी गाठ खोल जावी लागते, मोठी व्हावी लागते. वरच्या आवरणात बसलेला लहानसा कॅन्सर, म्हणजे नेमका जो काढला तर माणूस बरा होतो तो, रक्तात जवळजवळ काहीच सोडत नाही. जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा एक मोठा जपानी आढावा २०१४ साली आला. त्यात सगळे टप्पे धरून सीईए वाढलेले रुग्ण सुमारे २१ टक्के, सीए १९-९ वाढलेले सुमारे २८ टक्के आणि सीए ७२-४ वाढलेले ३० टक्के होते. म्हणजे कोणताही एक मार्कर घेतला तरी कॅन्सर असलेल्या दहांपैकी सात-आठ जणांचा तो नॉर्मल. सुरुवातीच्या टप्प्यात हे प्रमाण आणखी खाली जातं.

दुसरी बाजूही बघा. लॅबची मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवतात की शंभरांतले पंचाण्णव निरोगी लोक तिच्या आत बसावेत. उरलेले पाच निरोगीच असतात, फक्त रेषेबाहेर असतात. समजण्यापुरतं धरू की कसलीही तक्रार नसलेल्या दहा हजार लोकांत पाच जणांना जठराचा कॅन्सर आहे. सीईए त्यांतल्या एकाला पकडेल. निरोग्यांतले सुमारे पाचशे जण मात्र त्याच्याबरोबर रेषेबाहेर येतील. पाचशे एक घरांची झोप उडेल आणि त्यांत एकाच घराला खरं कारण असेल. उरलेले चार रुग्ण नॉर्मलचा कागद घेऊन घरी जातील, माझ्या काकूसारखे. ह्या चौघांसाठी मी पॅकेजमधल्या मार्करच्या विरोधात आहे. पाचशेंना मनस्ताप होतो, पैसे जातात, पण शेवटी ते सावरतात.

बाबांकडे येते. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा सीईए तसाही जास्त असतो. यकृत सीईए रक्तातून काढून टाकतं, म्हणून यकृत दुखावलं असेल तरी तो वाढतो. फेणी-उराक रोजची असेल तर ते डॉक्टरांना खरं सांगा. जुना दमा-खोकला, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची सूज ह्यांतही तो चढतो. ६.८ हा आकडा ह्या सगळ्यांत सहज बसतो. दहाच्या पुढे गेला तर मी वेगळं लिहिलं असतं. चार ते सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर पुन्हा करा. लॅब बदलू नका, कारण प्रत्येक कंपनीच्या किटमधली अँटिबॉडी सीईएचा वेगळा भाग पकडते आणि एकाच नळीतल्या रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येतात. त्याबरोबर यकृताच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे करा, कारण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही सीईए वाढतो आणि बाबा विडीवाले आहेत. दुसऱ्यांदा आकडा तेवढाच किंवा कमी असेल तर त्याचा पाठलाग सोडा. वाढत असेल तर पोटाच्या आधी मोठ्या आतड्याकडे बघायला हवं. तसंही ६१व्या वर्षी एकदा कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोलणं योग्यच आहे.

बाबांची एंडोस्कोपीसुद्धा एकदा व्हायला हवी, पण त्याचं कारण ६.८ नव्हे. आठ वर्षं जळजळ, पुरुष, साठीच्या पुढे, धूम्रपान: इतकं असलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं आवरण आम्लाने बदललंय का, म्हणजे बॅरेट झालंय का, हे पाहून घ्यावं. पॅन्टोप्राझोल जळजळ थांबवतं, पण आवरणात काय बदल झालाय ते सांगत नाही. आईचं झालं की मग महिन्याभरात त्यांचं करा. ह्याच ठिकाणी एक वेगळं प्रथिन उपयोगी पडतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल तयार केली. ती गिळायची, जठरात आवरण विरघळतं, आतला तीनेक सेंटिमीटरचा स्पंज फुगतो आणि दोऱ्याने ओढून काढताना अन्ननलिकेच्या पेशी घासून आणतो. त्या पेशींवर टीएफएफ३ नावाच्या प्रथिनाचा रंग दिला की बॅरेटच्या पेशी तपकिरी दिसतात. २०२० साली त्यांच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीच्या सुमारे दहा पट बॅरेटचे रुग्ण ह्या मार्गाने सापडले. मला ह्या कल्पनेचं मनापासून कौतुक आहे: प्रथिन रक्तात शोधत बसण्यापेक्षा जिथे बदल होतो तिथूनच पेशी आणा. मात्र भारतात अन्ननलिकेचे बहुतेक कॅन्सर स्क्वेमस आहेत, त्यांचा बॅरेटशी संबंध नाही. आणि ज्याचा घास अडकतो त्याने असली कॅप्सूल गिळायची नसते. आईसाठी दुर्बीणच.

उरलेल्या रक्ताच्या मार्करांबद्दल थोडक्यात. सीए १९-९ ही मुळात प्रथिनावर बसलेली साखरेची साखळी आहे. शंभरांतले पाच ते दहा लोक लेविस निगेटिव्ह रक्तगटाचे असतात; त्यांच्या शरीरात ती बनतच नाही, म्हणजे त्यांचा आकडा कॅन्सर असूनही शून्याजवळ राहतो. उलट पित्ताशयातल्या खड्यामुळे कावीळ झाली तर तो शेकड्यांत जातो. स्क्वेमस कॅन्सरसाठी एससीसी अँटिजेन करतात. ते निरोगी कातडीत आणि लाळेतही असतं. सोरायसिस किंवा किडनीचा आजार असला तरी वाढतं, आणि नमुना हाताळताना नळीत घाम किंवा थुंकीचा कण पडला तरी आकडा उडी मारतो. आमच्या लॅबमध्ये ही टेस्ट मास्क आणि हातमोजे घालूनच लावतात. आणखी एक गोष्ट गोव्यात मला आता वारंवार दिसते, ती म्हणजे केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. बऱ्याच मशीनमधली रसायनंच बायोटिनवर चालतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की सीईएसारख्या टेस्टचा आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली ह्याबद्दल इशारा दिला होता. आई तसल्या गोळ्या घेत असेल तर तिच्या नॉर्मलला तेवढाही अर्थ उरत नाही.

पेप्सिनोजेन ह्या सगळ्यांपेक्षा विचार करण्यासारखं आहे. ते कॅन्सर शोधत नाही, जठराचं आवरण झिजलंय का ते सांगतं. पेप्सिनोजेन एक फक्त जठराच्या मुख्य भागातल्या ग्रंथी बनवतात, दोन नंबरचं इतर भागांतही बनतं. ग्रंथी सुकल्या की एक नंबर घसरतो आणि दोघांचं गुणोत्तर बिघडतं. जपानमध्ये एक नंबर ७० किंवा कमी आणि गुणोत्तर ३ किंवा कमी असेल तर त्या माणसाला एंडोस्कोपीला बोलावतात. त्याच्या जोडीला हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी असते. हा जंतू जठराच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली त्याला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की घडवणाऱ्यांत टाकलं आणि तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. पण बाबांना पेप्सिनोजेन करायला सांगणार नाही. पॅन्टोप्राझोलने त्याची पातळी वर चढते आणि झिजलेलं जठरही ठीक वाटू शकतं. त्यापेक्षा शौचातल्या हेलिकोबॅक्टर अँटिजेनची तपासणी करा, त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल डॉक्टरांना विचारून बंद ठेवा आणि महिनाभरात अँटिबायोटिक झालेलं नसावं. किंवा एंडोस्कोपीतच तुकड्यावर होते ती युरिएज टेस्ट. जंतू निघाला तर औषधाने तो जातो, आणि घरच्या एका माणसाचा धोका खरोखर कमी होतो. पावसाळाभर रोज ताटात सुकी खारी मासळी असेल तर तीही थोडी कमी करा. मिठात मुरवलेलं सतत खाण्याचा जठराच्या कॅन्सरशी संबंध आहे.

मग रक्तातले मार्कर करायचेच नाहीत का? करायचे, पण निदान झाल्यानंतर. उपचारापूर्वी एकदा सीईए, सीए १९-९ करून ठेवतात. वाढलेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवड्यांत तो खाली यायला हवा, आणि पुढे पुन्हा चढू लागला तर स्कॅन करायची वेळ झाली असं समजायचं. तिथे त्यांची मदत होते.

आता तुकड्यातली प्रथिनं, म्हणजे माझं रोजचं काम. ह्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण एंडोस्कोपीच्या दिवशी तुम्हालाच तीन गोष्टी बघायच्या आहेत.

दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तिळाएवढा असतो, दोन-तीन मिलिमीटरचा. तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतो. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात कॅन्सर आहे की नाही हे बहुतेक वेळा कळतं. निदान इथे होतं. अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात तिथली गाठ कोणत्या जातीची हे कधी कधी कळत नाही, तेव्हा प्रथिनांना विचारतो. पेशीच्या केंद्रात पी४० तपकिरी झालं तर स्क्वेमस. सीके७ आणि सीडीएक्स२ कडे कल असेल तर ग्रंथींचा कॅन्सर. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

त्यानंतर, रोग पसरलेला असेल तर, पुढची प्रथिनं. त्यांत पहिलं एचईआर२. स्तनाच्या कॅन्सरमुळे हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. जठरात दर पाच-सहा रुग्णांत एकात ते वाढलेलं सापडतं. २०१० साली टोगा नावाच्या चाचणीत अशा रुग्णांना किमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब हे एचईआर२वरचं औषध दिलं तर सरासरी आयुष्य ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं; ज्यांच्यात प्रथिन भरपूर होतं त्यांच्यात १६ महिन्यांपर्यंत. आकडा लहान वाटेल, पण ह्या आजारात एखाद्या प्रथिनावर नेम धरणाऱ्या औषधाने आयुष्य वाढल्याचं तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आपल्याकडे भारतीय कंपन्यांचं ट्रॅस्टुझुमॅब २०१४ पासून मिळतं, म्हणून टेस्ट करण्याला अर्थ आहे.

स्तनाच्या पेशीत एचईआर२ भरपूर असलं की पेशीभोवती पूर्ण तपकिरी कडं दिसतं, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखं. जठराची पेशी ग्रंथीची असते, तिचं वरचं तोंड उघडं. त्यामुळे रंग फक्त दोन बाजूंना आणि तळाला चढतो. प्रत्येक पेशी तपकिरी रेघेने काढलेल्या वाटीसारखी दिसते. पूर्ण कडं नाही म्हणून निगेटिव्ह लिहिणं ही चूक सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी झाली. शिवाय जठराच्या गाठीत एचईआर२ सगळीकडे सारखं नसतं. एका कोपऱ्यात गडद, शेजारी काहीच नाही. दोन तुकडे आले आणि दोन्ही कोऱ्या कोपऱ्यातले निघाले तर मी निगेटिव्ह लिहिणार, आणि ते खरं नसेल. म्हणून किमान सहा ते आठ तुकडे हवेत. रंग मध्यम आला, आम्ही त्याला टू प्लस म्हणतो, तर फिश नावाची जनुकाची तपासणी करून मग ठरवतो.

पीडी-एल१ ह्या प्रथिनावर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना कॅन्सरविरुद्ध जागं करणाऱ्या औषधांचा, निर्णय अवलंबून असतो. त्यात कॅन्सरच्या पेशी आणि आजूबाजूच्या संरक्षक पेशी मोजून गुण काढतात. हे मोजणं कठीण आहे, एकच स्लाइड मी ४ म्हणते आणि माझा अनुभवी सहकारी ६ म्हणतो, आणि मर्यादा बहुतेकदा ५ असते. अशा वेळी आम्ही दोघं एकत्र बसून बघतो; तुम्हीही दुसरं मत मागितलंत तर त्यात कुणाचा अपमान नाही. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चार प्रथिनं मात्र स्वस्तात खूप सांगतात. त्यांतलं एखादं पेशीतून नाहीसं झालं असेल तर इम्युनोथेरपी चांगली लागू पडण्याची शक्यता असते, आणि कधी कधी तो आजार घराण्यात चालत आलेला असतो, म्हणून भावंडांचीही तपासणी सुचवता येते. सगळ्यांत नवं क्लॉडिन १८.२. निरोगी जठरात ते दोन पेशींच्या सांध्यात दडलेलं असतं, कॅन्सरमध्ये उघडं पडतं. शंभरांतल्या ७५ पेशींवर ते ठळक दिसलं तर झोल्बेटक्सिमॅब हे औषध लागू होतं. त्याला २०२४ साली जपानने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली.

ही सगळी प्रथिनं तुकड्यात टिकली तरच. काही वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी एका लहान हॉस्पिटलात एका गृहस्थांची बायप्सी झाली. फॉर्मालिन संपलं होतं म्हणून तुकडे सलाइनमध्ये टाकले. सुट्ट्या आल्या, बाटली कपाटात राहिली, माझ्याकडे चौथ्या दिवशी पोचली. झाकण उघडलं तेव्हा फॉर्मालिनचा डोळ्यांना झोंबणारा वास आलाच नाही, तिथेच समजले. तुकडे पाण्यात पडलेल्या साखरेसारखे कडांनी विरघळले होते. कॅन्सर आहे एवढं सांगता आलं, एचईआर२ नाही. त्या माणसाला पुन्हा उपाशी ठेवून पुन्हा दुर्बीण घालावी लागली. तीन आठवडे गेले, आणि ते त्याच्याकडे फारसे नव्हते. अजून त्या बाटलीची आठवण आली की राग येतो.

म्हणून एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर सिस्टरना सरळ विचारा: बाटलीत फॉर्मालिन आहे ना, तुकडे किती घेतले, आणि लॅबला कधी जाणार. फॉर्मालिनमध्ये तुकडे किमान सहा तास आणि जास्तीत जास्त तीन दिवस असावेत. पुढे शनिवार-रविवार किंवा सण असेल तर तुम्ही स्वतः नेऊन देता असं सांगा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात करा, नाहीतर खाजगीत, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारायचे. फॉर्मवर नुसतं "अपचन" लिहून देऊ नये; घास अडकतो, वजन उतरलं, हिमोग्लोबिन ९.४ हे तिन्ही लिहायला लावा. मी स्लाइड बघताना ते वाचते आणि त्यानुसार आणखी खोल काप घ्यायचे की नाही ते ठरवते.

बायप्सी निगेटिव्ह आली आणि घास मात्र अडकतच राहिला, तर तिथे थांबू नका. जठराचा एक प्रकार वरच्या आवरणाखालून पसरतो. त्याच्या पेशींत ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिनच उरत नाही, त्यामुळे त्या सुट्या सुट्या होऊन खोल शिरतात आणि वरून घेतलेल्या तुकड्यात सापडत नाहीत. अशा वेळी सीटी स्कॅन आणि खोल बायप्सी लागते. घराण्यात कुणाला तरुणपणी जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही आधीच सांगून ठेवा.

आईच्या तयारीचं सांगते. आदल्या दिवशी फक्त पातळ, आणि रात्रीनंतर काही नाही. अडकणाऱ्या नळीत अन्न साठून राहतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त तास उपाशी ठेवतात, किती ते डॉक्टर सांगतील. सकाळची पेजही नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर नंबर लावतानाच कळवा, स्वतःहून बंद करू नका. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते, नंतर तासभर काही प्यायला देऊ नका. जुने रिपोर्ट सगळे न्या, बाबांचेही. आणि आईला कवळी असेल तर आत जाण्यापूर्वी ती काढून रुमालात बांधून तुमच्याजवळ ठेवा.